नळीतला घास

"तोंडात एक नळी आहेच, आता नाकातून आणखी एक? माझ्या आईचं काय करायचं ठरवलंय तुम्ही?"

नणंद बोलत होती डॉक्टरीणबाईंशी, पण रोख होता भावजयीवर. अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर एक अरुंद बोळ होता, त्यात भिंतीला लागून लोखंडी बाक. बाकावर नणंद, तिच्या शेजारी तिचा भाऊ आणि समोर भिंतीला टेकून उभी असलेली सून. सून कामावरून तशीच आली होती. खाकी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, चपला चिखलाने भरलेल्या. पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवायची पुरुषभर उंचीची लोखंडी चावी तिला खाली पहारेकऱ्याकडे ठेवावी लागली होती. "बाई, हे हत्यार घेऊन कुठं निघालात?" असं तो म्हणाला होता, आणि एरवी ती हसली असती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्या घाईत होत्या, पण उभ्या राहिल्या.

"तोंडातली नळी श्वासाची आहे, ताई. त्या वाटेनं अन्न जात नाही. काल रात्रभर त्यांचा रक्तदाब हातात नव्हता, म्हणून आम्ही पोटाच्या वाटेला गेलो नाही. आज सकाळपासून तो बराच सावरलाय. आता उशीर करायचा नाही. नाकातून बारीक नळी थेट पोटात. पातळ अन्न, थोडं थोडं, पण आजच."

"तिला शुद्ध नाही. भूक कुठून लागणार?"

"भूक लागत नाही, पण शरीर खात असतं. बाहेरून मिळालं नाही की ते स्वतःचंच मांस खातं. श्वास घ्यायला जे स्नायू लागतात, तेही सोडत नाही. मग मशीन काढायची वेळ आली की छाती उचलायचीसुद्धा ताकद उरत नाही. आतडंही फार दिवस रिकामं ठेवलं की रुसून बसतं."

नणंदेने पदर डोळ्यांना लावला. "माझी सासू अशीच गेली. अंगभर नळ्या लावून. मी पाहिलंय. आईचं तसं नको." मग एकदम तिचा आवाज चढला. "आणि वहिनी काय मान डोलवताय? आईनं दहा-अकरा वर्षं तुमच्या हातचा घास खाल्ला नाही. आता तिला बोलता येत नाही, तेव्हा तिच्या पोटात काय घालायचं ते तुम्ही ठरवणार?"

डॉक्टरीणबाईंनी सुनेकडे पाहिलं. नणंद म्हणाली ते अक्षरशः खरं होतं.

सासरे पाणीखात्यात व्हॉल्व्हमन होते. नोकरीत असतानाच ते गेले, आणि त्यांच्या जागी घरातल्या एकाला घेतो असं खात्याने कळवलं. मुलाची नजर लहानपणापासून अधू. तो हातांच्या अंदाजाने खुर्च्या विणायचा आणि फार सुरेख विणायचा, पण खात्याच्या तपासणीत पहिल्याच फटक्यात बाद झाला. मुलगी सासरी गेलेली. उरली सून. शाळा शिकलेली, अंगापिंडाने धट्टीकट्टी. तिला घेतलं. सासूला वाटत होतं, ती जागा रिकामीच राहावी. नवऱ्याने तीस वर्षं खांद्यावर वागवलेली चावी घरातल्या सुनेने खांद्यावर टाकून चारचौघांत फिरावं, हे तिला सोसवेना. सून कामावर रुजू झाली त्या संध्याकाळी सासू ताटावर बसली आणि तशीच उठली. "ज्या हातानं त्यांची चावी उचललीस, त्या हातचं मला नको," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिची छोटी शेगडी आली, एक पातेलं, एक तवा, एक ताट. एका घरात दोन चुली झाल्या.

गंमत अशी, की बाकी काही तुटलं नाही. दोघी भांडायच्या, बाजाराला बरोबर जायच्या, शेजारणीच्या चालीची नक्कल करून एकत्र हसायच्या. सून तापाने फणफणली तेव्हा सासूने आपल्या शेगडीवर करून तिला वाढलं होतं. द्यायला बंदी नव्हती, घ्यायला होती. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "म्हातारी सुनेच्या हातचं खात नाही, पण पाणी तर सुनेच्याच हातचं पिते ना!" हे सासूच्या कानावर गेलं होतं. त्यावर ती म्हणाली, "पाणी सरकारचं आहे."

या आठवड्यात तिला ताप येत होता आणि तिने तो कुणाला कळू दिला नव्हता. धापा टाकत स्वतःपुरतं रांधत होती. काल सकाळी सून पहिली फेरी आटपून घरी आली तर म्हातारी शेगडीपाशी भिंतीला टेकून बसलेली, हातात अर्धवट सोललेला बटाटा, ओठ निळे. "काही नाही, जरा..." म्हणाली आणि पुढचा शब्द आला नाही. दोन्ही फुप्फुसांत न्युमोनिया. दुपारच्या आत मशीन लागलं.

"धोका काय आहे?" सुनेने आता डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"उलटी होऊ शकते. ती श्वासनळीत गेली तर न्युमोनिया वाढेल. म्हणून डोक्याकडची बाजू उंच ठेवतो, नळी पोटातच आहे ना ते एक्स-रेमध्ये बघतो आणि सुरुवात अगदी थोडक्यानं करतो. तरी काही होणारच नाही असं मी म्हणणार नाही. आणि नळी घातली म्हणजे त्या वाचल्याच, असंही नाही."

हे शेवटचं वाक्य ऐकून सुनेचा त्यांच्यावर विश्वास बसला. तिच्या खात्यात 'उद्या नक्की पाणी येईल' असं सांगणारे पुष्कळ होते.

"घाला नळी," ती म्हणाली.

"अगं, पण..." नवरा चुळबुळला.

"अहो, आजारानं गेल्या तर आपला इलाज नाही. उपाशी गेल्या तर मला जन्मभर झोप लागायची नाही. ताई, तुम्हाला माझा राग आहे तो असू द्या. घरी गेल्यावर काय बोलायचं ते बोला. पण हे आत्ता होऊ द्या."

"मुलाचं काय म्हणणं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

नवऱ्याने जाड भिंगांचा चष्मा काढला, शर्टाने पुसला, परत घातला. आयुष्यभर तो आई आणि बायको यांच्या मधल्या भिंतीसारखा उभा होता, दोन्हीकडून धपके खात. "ही म्हणते तसं करा," तो म्हणाला. "आईला भूक सहन होत नाही. बाबांवर रुसायची तेव्हासुद्धा जेवूनच रुसायची."

नणंद रडता रडता हसली, आणि हसली म्हणून पुन्हा रडली.

दुपारी एक्स-रे झाला. नळी जागेवर होती. भेटायच्या वेळी एकेकाला आत सोडत होते. सून आत गेली तेव्हा म्हातारी अर्धवट बसती केल्यासारखी निजली होती. मशीन तिची छाती उचलत होतं, खाली सोडत होतं. हातांना सूज होती, बांगड्या काढून ठेवल्या होत्या. खाटेशेजारच्या खांबावर दुधाळ पिवळसर पातळ द्रवाची पिशवी टांगलेली, तिची नळी एका छोट्या पंपातून जाऊन नाकाशी पोचलेली. तिथली सिस्टर ठेंगणी, चाळिशी उलटलेली, कुणाचीही भीड न ठेवणारी होती.

"एवढंच?" सुनेने पिशवीकडे पाहत विचारलं. थेंबामागून थेंब असं ते जात होतं.

"तासाला चार चमचे समजा."

"चार चमच्यांत माणसाचं काय होतं?"

"आज पोट भरायचं नाही हो. आज पोटाला नुसतं उठवायचंय. उठलं की हळूहळू वाढवू."

सुनेला हे चटकन समजलं. तिने खुर्ची ओढली नाही, उभीच राहिली. ज्या बाईने दहा वर्षं तिच्या हातचं पान नाकारलं, तिच्या पोटात आता घास चालला होता, आणि तो सुनेच्या शब्दाने चालला होता. तिला आनंद व्हायला हवा होता, पण चोरी केल्यासारखं वाटत होतं. ती वाकून म्हातारीच्या कानाशी म्हणाली, "आई, हे मी केलेलं नाही. दवाखान्याचं आहे. निवांत घ्या."

सिस्टरने मान वळवून पाहिलं.

पुढचा दिवस बरा गेला. चार चमच्यांचे सहा झाले, आठ झाले. सुनेने रजा घेतली नव्हती. तिच्या जागी बदली द्यायला कुणी नव्हतं, आणि तिने व्हॉल्व्ह उघडला नाही तर अख्ख्या वस्तीचे नळ कोरडे राहिले असते. पहाटे एक फेरी, मग दवाखाना, मग दुपारची फेरी, पुन्हा दवाखाना. चावी खाली पहारेकऱ्याकडे, चपला दाराशी. पहारेकरी आता न विचारता चावी घ्यायचा. गल्लीत कुणी "सासू कशी आहे?" विचारलं की ती म्हणायची, "जेवतेय." ऐकणाऱ्याला वाटायचं, म्हातारी उठून बसली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती बोळात आली तर नणंद बाकावरून उठून उभीच होती.

"झालं तुमच्या मनासारखं? उलटी झाली आईला. सगळं बंद केलंय."

दारातून सिस्टर बाहेर आली, तिला सुनेने हातानेच थांबवलं. "श्वासात गेलं का?"

"लगेच ओढून काढलं आम्ही. फोटो काढलाय छातीचा. मोठे डॉक्टर बघतायत."

मोठे डॉक्टर म्हणजे त्या विभागाचे प्रमुख, केस पिकलेले, कमी बोलणारे. अर्ध्या तासाने ते आणि डॉक्टरीणबाई बाहेर आले. फोटोत नवीन काही दिसत नव्हतं. पोटात मात्र अन्न साचून राहिलं होतं, पुढे सरकत नव्हतं.

"आता एक-दोन दिवस पोटाला विश्रांती देऊ," मोठे डॉक्टर म्हणाले. "सलाइन चालू आहेच."

"सलाइनमध्ये जेवण असतं का?" सुनेने विचारलं.

"नाही. पाणी, क्षार, थोडी साखर."

"मग एक-दोन दिवस उपाशीच ना, डॉक्टर?"

"धोका आहे, बाई. आत्ताच झालं ते पाहिलंत ना?"

"पाहिलं. भीतीनं माझे हातपाय गार झालेत. मला यातलं काही कळत नाही, तुम्ही म्हणाल ते होईल. फक्त एक सांगा. बंद ठेवणं हाच एक उपाय आहे, की दुसरा काही आहे?"

मोठ्या डॉक्टरांना असं विचारणारे नातेवाईक ठाऊक होते. त्यातले बरेच भांडायला आलेले असत. ही बाई भांडत नव्हती, पण जागची हलतही नव्हती. त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं.

"सर, पोट पुढे ढकलायचं औषध अजून दिलेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोट फुगलेलं नाही, मऊ आहे. रक्तदाबाची औषधंही उतरत आलीत. मला वाटतं, आता काही तास थांबू, औषध देऊ आणि संध्याकाळी पहिल्या दिवसाच्या निम्म्या वेगानं सुरू करू. मी स्वतः लक्ष ठेवते."

"पुन्हा उलटी झाली तर मात्र नळी आतड्यापर्यंत न्यावी लागेल," मोठे डॉक्टर म्हणाले. "ठीक आहे. निम्म्या वेगानं."

ते गेल्यावर नणंद बाकावर कोसळल्यासारखी बसली. "तुम्हाला काळीज आहे की नाही, वहिनी? तिच्या घशात आलं असतं तर? हट्ट कुणाशी चाललाय तुमचा? तिनं तुमचं खाल्लं नाही, त्याचा सूड काढताय?"

सून तिच्याजवळ बसली. ती म्हणाली, "ताई, तो विचार माझ्याही मनात येऊन गेला. पहिल्या दिवशीच. तिथं उभी होते तेव्हा वाटलं, मी हे त्यांच्यासाठी करतेय की मला जिंकायचंय? उत्तर नाही मिळालं. पण उत्तर मिळेपर्यंत त्यांना उपाशी ठेवणं बरोबर नाही ना."

नणंदेने पदराने नाक पुसलं.

"आमच्याकडे लाइन दुरुस्तीला आठ दिवस बंद असली ना, की नंतर पाणी एकदम सोडत नाहीत. एकदम सोडलं की आत कोंडलेली हवा धडका देते, गाळ सुटतो, सांधे फुटतात. पाव फेरा द्यायचा आणि थांबायचं. कान लावून ऐकायचं. गडगडलं तर परत थोडं बंद. बाबांनीच शिकवलं होतं मला, त्यांच्या शेवटच्या वर्षात, सहज मी डबा घेऊन गेले होते तेव्हा. गडगडलं म्हणून लाइन कायमची बंद करून घरी जाता येत नाही."

"बाबांनी शिकवलं तुम्हाला?"

"आईंना माहीत नाही. सांगायची हिंमत झाली नाही."

नणंदेने तिच्याकडे वळून पाहिलं. मग तिने आपला डबा उघडला आणि सुनेपुढे धरला. "खा. सकाळपासून पोटात काही नसेल तुमच्याही."

संध्याकाळी पंप पुन्हा सुरू झाला. तासाला दोन चमचे. त्या संध्याकाळी दोघींपैकी कुणीच घरी जायचं नाव काढेना. सिस्टर दर थोड्या वेळाने दारातून डोकं काढून नुसती मान हलवायची. पोट ऐकत होतं. दोनाचे तीन झाले. दुसऱ्या दिवशी पाच. मग एका सकाळी सिस्टर म्हणाली, "आज पूर्ण जेवण गेलं बघा म्हातारीला." नणंदेने ते फोनवर भावाला अशा आवाजात सांगितलं की बोळातली दुसरी माणसंसुद्धा हसली.

त्या बोळात सगळ्यांचंच असं होत नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला पहिल्याच दिवशी अन्न लागू पडलं होतं, एक थेंब बाहेर आला नव्हता, आणि तरी तो एका दुपारी गेला. त्याची बायको सामान गोळा करताना सुनेला म्हणाली, "जेवून गेले. तेवढं तरी." सुनेने तिचा हात धरून ठेवला.

म्हातारीचा ताप हळूहळू उतरला. गुंगीची औषधं कमी केली. डोळे उघडले, ते आधी नुसतेच छताला लागून राहायचे, मग माणसांवर ठरायला लागले. डॉक्टर रोज सकाळी थोडा वेळ मशीनचा जोर कमी करून बघायचे. म्हातारी घामाघूम व्हायची, पण छाती उचलायची. दुसरा आठवडा संपता संपता घशातली नळी काढली. नाकातली तशीच ठेवली.

आवाज फाटक्या कापडासारखा झाला होता. पहिला दिवस तिने कुणालाच ओळख दिली नाही. दुसऱ्या दिवशी नणंदेने तिला सगळं सांगितलं. रडत, हसत, हात चोळत. "आणि आई, ही नाकातली नळी वहिनींनीच घालायला लावली. मी नको म्हणत होते. उलटी झाली तरी त्या मागे हटल्या नाहीत."

म्हातारीने नाकाशी बोटं नेली. सिस्टरने ती हळूच बाजूला केली. "राहू दे, आजी. अजून गिळायची परीक्षा व्हायचीय."

ती परीक्षा दोन दिवसांनी झाली. गिळायला शिकवणाऱ्या बाई आल्या. त्यांनी आधी ओल्या बोळ्याने ओठ भिजवले, मग ठसका लागू नये म्हणून घट्ट केलेलं पाणी अर्धा चमचा दिलं. म्हातारीने गिळलं, खोकला आला नाही. "छान," बाई म्हणाल्या. "आता घरच्यांपैकी कुणीतरी द्या. रोज तुम्हालाच द्यायचंय. मी बघते कसं देता ते." वाटीत बटाटा दाट सुपात कुस्करून केलेला होता. सून जवळ उभी होती म्हणून त्यांनी वाटी तिच्या हातात दिली.

सुनेने चमच्याच्या टोकावर थोडंसं घेतलं आणि पुढे केलं. म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. चमच्याकडे पाहिलं. आणि तोंड मिटून घेतलं. ओठ अगदी घट्ट, कडांना पांढरे पडेपर्यंत.

"आजी, आ करा," बाई म्हणाल्या.

म्हातारीने आ केला नाही.

सुनेने वाटी नणंदेकडे दिली आणि ती बाहेर आली. हात धुवायच्या बेसिनपाशी उभी राहून तिने नळ सोडला आणि हात धूत राहिली. मागून सिस्टर आली.

"वाईट वाटून घेऊ नका. आजारी माणसं कधी कधी..."

"आजाराचं नाहीये ते. जुनं आहे." सुनेने नळ बंद केला. डोळे भरले होते, पण ती हसत होती. "सिस्टर, तोंड इतकं घट्ट मिटायला ताकद लागते. आली म्हणायची."

आत नणंदेच्या हातून म्हातारीने चार चमचे खाल्ले होते.

घरी आणलं तेव्हा म्हातारी पिसासारखी हलकी झाली होती. नवऱ्याने तिला उचलून खाटेवर ठेवलं आणि तो तिथेच बसून राहिला. नाकातली नळी गेली होती. नणंद आठवडाभर राहिली, तोवर तीच भरवत होती. मग तिच्याही घरून निरोप यायला लागले. जाताना ती सुनेच्या गळ्यात पडली. "वहिनी, आता काय करणार?"

"बघू."

पहिल्या दिवशी नवऱ्याने भरवायचा प्रयत्न केला. त्याच्या नजरेला चमचा आणि तोंड यांचा मेळ बसेना. एक घास गालावर, एक मानेवर. म्हातारी वैतागली. "अरे, मी काय खुर्ची आहे का, चाचपत बसायला?" तिने स्वतः चमचा घेतला, पण हात थरथरत होता. बोटांत पकड नव्हती. चमचा ताटात पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. तिने ताट दूर सारलं आणि भिंतीकडे वळून झोपली. संध्याकाळी तसंच. दुसऱ्या सकाळीही तसंच. सुनेने कपाळावर हात ठेवला, कपाळ थंड होतं. मनगट पाहिलं, हाडावर नुसती कातडी होती. डॉक्टरीणबाईंनी निघताना बजावून सांगितलं होतं, घरी गेल्यावरच खरं खायचंय, गेलेलं मांस आता भरायचंय.

कोपऱ्यातली छोटी शेगडी पुसून ठेवलेली होती. ती पेटवायला कुणी उठणार नव्हतं, हे दोघींनाही दिसत होतं.

दुपारची फेरी संपवून सून घरी आली तेव्हा नवरा खुर्च्या विणायला दुकानात गेला होता. तिने भात अगदी मऊ शिजवला, त्यात भाजीचं सूप घालून कालवला. मग मोठा चमचा घेतला आणि त्याच्या दांड्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळायला बसली. एक थर, दोन थर, काकडीएवढा जाड होईपर्यंत. मुठीत धरून पाहिला. थोडा सैल वाटला, अजून एक थर दिला आणि दोरीने आवळला. ताटाऐवजी काठ उंच असलेला खोलगट वाडगा घेतला. तो घसरू नये म्हणून खाली ओलं फडकं घातलं.

म्हातारी हे सगळं खाटेवरून पाहत होती.

सुनेने तिच्या पाठीशी उशा लावल्या, तिला बसतं केलं. मांडीवर पाट ठेवला, पाटावर वाडगा. चमचा तिच्या हातात दिला नाही. वाडग्याशेजारी ठेवला.

"कुणी भरवणार नाही तुम्हाला, आई. घ्यायचं तर तुम्हीच घ्या," ती म्हणाली.

म्हातारीने वाडग्यातल्या भाताकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. भाताची वाफ विरत चालली. मग तिची काटकुळी बोटं जाड दांड्याभोवती वळली. मूठ बसली. तिने सुनेकडे मान वर केली.

"तिकडे तोंड कर," ती म्हणाली.

सून खिडकीकडे वळली आणि खाटेच्या कडेला पाठमोरी बसली. बाहेर उन्हात समोरच्या घरातली बाई कपडे वाळत घालत होती. मागे चमचा वाडग्याच्या काठावर खणकन वाजला. मग काही नाही. मग पुन्हा वाजला. काहीतरी पाटावर सांडल्याचा मऊ आवाज झाला. सुनेची मान वळायला लागली होती, ती तिने तशीच धरून ठेवली आणि हात मांडीवर घट्ट गुंफले.

समोरच्या बाईचे कपडे वाळत घालून झाले. ती आत गेली. दोरीवरचे कपडे वाऱ्याने हलत होते. मागे चमचा वाडग्याच्या तळाला घासत होता, थांबत होता, पुन्हा घासत होता. सून पाठ ताठ करून ऐकत बसली होती.